आंबा, घागर, घोडा

पाणी उतरायला लागलं की आमचं जुनं गाव थोडं थोडं वर यायचं. आधी विहिरीचा कठडा, मग चावडीच्या जोत्याचे दगड, आणि उन्हाळा कडक असेल त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या भिंतींच्या रेघा, चिखलात कुणी काडीने ओढल्यासारख्या. सिद्धेश्वरच्या धरणात ते गाव गेलं तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. आई माझ्या थोरल्या भावाचा हात धरून, डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन वरच्या माळावर चढली आणि तिथेच राहिली. मी जन्मले ती नव्या गावात. त्यामुळे जुनं गाव मला स्वप्नात पाहिल्यासारखं वाटायचं. वर्षातून काही दिवस दिसणार आणि पाऊस लागला की नाहीसं होणार. आई मात्र त्या रेघांकडे बोट दाखवून सांगायची, "ही आपली चूल. हितं रांजण. हितं तुझा दादा रांगला." मला तिथे नुसता चिखल दिसायचा.

दोन हजार सालानंतर मी हिंगोलीच्या एका महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवत होते. लग्न झालेलं, दोन लेकरं, नवरा एसटीच्या डेपोत कामाला. त्याच काळात मी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता साठीच्या पुढच्या माणसांचा रोजचा आहार आणि त्यांची स्मरणशक्ती. कोण किती पालेभाजी खातं, किती डाळ, किती तेल, दूध मिळतं की नाही, हे एका बाजूला मोजायचं. काल-परवाचं डोक्यात किती टिकतं, हे दुसऱ्या बाजूला. मग दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं.

मोजायचं म्हणजे नीट मोजायचं, ही माझी खोड. "दोन भाकरी खाल्ल्या" हे उत्तर मला चालत नसे, कारण एका घरची भाकरी दुसऱ्या घरच्या दीडपट असते. मी पिशवीत तीन मापांच्या वाट्या, एक पळी आणि छोटा तराजू घेऊन हिंडायची. टोपल्यात भाकरी दिसली की ती आधी तराजूत. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

"हिंगोलीत भाकर तोलून खात्यात व्हय गं?"

स्मरणाची चाचणी छापील होती. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठल्या गावात बसलो आहोत, कुठल्या जिल्ह्यात. मग मी तीन शब्द सांगायची: आंबा, घागर, घोडा. समोरच्याने ते एकदा म्हणायचे. त्यानंतर आम्ही दुसरंच बोलायचो, काल सकाळपासून काय काय खाल्लं ते, आणि थोड्या वेळाने मी विचारायची, "मघाशी तीन शब्द सांगितले होते, ते कोणते?" तेवढ्या वेळात शब्द टिकले की निसटले, हे पाहायचं असे. सगळ्या प्रश्नांचे मिळून गुण व्हायचे आणि एक रेषा ठरलेली होती. रेषेच्या खाली गेलं की स्मरण कमी झालं असं धरायचं.

निवडलेल्या गावांत आमचं गावही होतं. परभणीच्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी एकच अट घातली होती, स्वतःच्या घरातलं माणूस अभ्यासात घ्यायचं नाही. म्हणून आई बाहेर राहिली. तिला ते लागलं. "समद्या गावाला इचारून राहिली, अन् मलाच न्हाई," ती म्हणाली.

पहिली फेरी हिवाळ्यात झाली. त्या दुपारी अजून माझ्या डोळ्यांपुढे तरंगतात. भिंतीला पाठ लावून ऊन खात बसलेली म्हातारी माणसं, तुरीच्या शेंगा सोलणारी बोटं, धरणाकडून येणारा पाण्याचा ओला वास. मी प्रश्न विचारायची आणि उत्तर यायला इतका वेळ लागायचा की मला वाटायचं, हा माणूस उत्तर आणायला कुठे तरी लांब चालत गेला आहे. कधी तो रिकाम्या हाताने परत यायचा.

"आंबा... अन् एक पान्याचं काईतरी... अन् जाऊ दे माय, घोड्यानं आंबा खाल्ला म्हन."

जिल्हा विचारला की बहुतेक सगळे म्हणायचे, परभणी. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. छापील नियमाप्रमाणे ते उत्तर चूक होतं आणि मी चूक लिहायची. आमच्या विहारात संध्याकाळी वंदना सांगणारे एक म्हातारे होते, त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. तेही परभणीच म्हणाले. मी त्यांना सांगितलं, "तात्या, आता आपला जिल्हा हिंगोली झाला."

त्यांनी धरणाच्या पाण्याकडे बोट केलं. "पोरी, आमी मोगलाईत जन्मलो. मंग मराठवाड्यात आलो. मंग पान्याखाली गेलो. आता बसल्या जागी आनखी कुठं नेऊन घालू नको."

होळीच्या सुमाराला दादाला गावाहून फोन गेला. दादा म्हणजे माझा तोच थोरला भाऊ. हिंगोलीत स्टेशनजवळ त्याचं घर, एका कार्यालयात नोकरी. फोन शेजारच्या काकूने केला होता. आईच्या घरातून धूर येत होता, दार उघडं, चुलीवर डाळ करपून भांड्याला छिद्र पडायची वेळ आलेली आणि आईचा पत्ता नाही. काकूने चूल विझवली. घटका-दोन घटकांनी आई धरणाच्या बाजूने सावकाश चालत आली. दादा त्याच दिवशी गावी गेला. शेजारपाजारचे सगळे एकच सांगत होते, म्हातारी डाळ इसरली.

परत येताना तो माझ्या घरी आला. चहा तसाच ठेवून म्हणाला, "आता तिला एकटी ठेवायची नाही. उद्या पदर पेटला तर?"

"ती काय म्हणते?"

"काय म्हणणार? म्हणते, एकदा गाव सोडून उठले, आता उठायची न्हाई."

दादा वाईट माणूस नव्हता. तो घाबरला होता, आणि खरं सांगायचं तर मीही. आईला त्या माळावरून उचलणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. सुनेशी तिचं बरं होतं, हिंगोलीच्या घरात तिला काही कमी पडलं नसतं. पण ती तिथे आली की दुसऱ्या दिवशीच खिडकीत उभी राहून विचारायची, "हितून पानी कोणीकडं?"

शेवटी दादाच म्हणाला, "तू एवढ्या गावांची डोकी तपासतेस. आईचं तपास. पास झाली तर राहू दे तिला. नाही तर मी घेऊन येतो. फक्त आकडा खरा सांगायचा."

आईने हे ऐकलं तेव्हा ती हसली. "घे ना माय, घे माजी परीक्षा. नापास झाले तर गाठोडं बांधते अन् मुकाट येते."

दुसरी फेरी उन्हाळ्याच्या तोंडाशी होती. तीच माणसं, तेच प्रश्न, मधल्या महिन्यांत काय फरक पडला ते पाहायला. आमच्या गावात मी सकाळी पहिल्यांदा तात्यांकडे गेले. पिशवीतून कागद काढते आहे तोवर ते म्हणाले, "आंबा, घागर, घोडा. जिल्हा हिंगोली. घे लिहून." पुढच्या घरातल्या आजीला हिवाळ्यात एकही शब्द आठवला नव्हता. तिने तिन्ही शब्द बोटं मोडत सांगितले आणि वर म्हणाली, "अन् आज बुधवार हाय, त्येबी लिही." दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांना सगळं येत होतं. क्षणभर माझं मन भरून आलं. हिवाळाभर पोटात गेलेली तूर, हरभऱ्याची भाजी, जवसाची चटणी, यांनी हे केलं की काय, असं वाटून गेलं. मग मी कागद पुन्हा पाहिले. सगळे पैकीच्या पैकी. असं कुठल्या गावात होत नाही.

दिवस मावळायला मी आईच्या घराकडे निघाले. वाटेत विहार लागतो. वंदना संपत आली होती. आमच्याकडे तात्या एक ओळ म्हणतात आणि बाकीचे ती मागून म्हणतात, लहानपणापासून ऐकलेला तो संथ आवाज. शेवटची ओळ झाली, सगळे गप्प झाले. मी लिंबाखाली चप्पल काढत होते. तेवढ्यात आत तात्यांचा आवाज पुन्हा उठला, त्याच चालीत.

"आंबा."

"आंबा," सगळे म्हणाले.

"घागर."

"घागर."

"घोडा."

"घोडा."

बाहेर उजेड विझत चालला होता, खाली धरणाचं पाणी राखेच्या रंगाचं झालं होतं, आणि ती पांढऱ्या केसांची माणसं मांडी घालून, डोळे मिटून, आंबा-घागर-घोडा म्हणत होती. मला वाटलं, मी उभ्या उभ्या झोपले आहे. मग मला दुसऱ्या ओळीत आई दिसली. तिचेही ओठ हलत होते.

"तात्या, हे काय?" मी आत जाऊन विचारलं.

तात्यांनी सावकाश डोळे उघडले. "काय म्हंजी? तुजी परीक्षा हाय न्हवं? हिवाळ्यात आमी चुकलो की तू तोंड बारीक करायचीस. म्हनलं, आमच्यापायी पोरीचे मार्क कटून राहिले. आपल्या वस्तीतली पहिलीच एवढं शिकती. मंग बसवलं समद्यांना रोज."

"माझी नाही हो परीक्षा. तुम्हाला किती आठवतं ते बघायचं होतं."

"मंग आठवतंय की!" मागून एक आजी म्हणाली आणि सगळा विहार हसला.

मी सांगितलं की आता या गावाची ही फेरी मला धरता येणार नाही. तात्यांचा चेहरा पडला. "म्हंजी एवढं पाठांतर वाया?" ते म्हणाले. पुढे मार्गदर्शक बाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, ती फेरी काढून टाक आणि का काढली ते प्रबंधात साधेपणाने लिही. तसं लिहिलं आहे.

आईची चाचणी मी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली. आता जुने शब्द चालणार नव्हते, म्हणून दुसरे घेतले: कुलूप, चिंच, मोर. ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. वार, महिना, गाव, जिल्हा, सगळं बरोबर सांगितलं. नवे तीन शब्द एकदा माझ्यामागून म्हणाली. मग आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते सांगितलं, तेही वाट्यांच्या मापात. थोड्या वेळाने मी शब्द विचारले. तिने वंदनेला मिटते तसे डोळे मिटले.

"आंबा, घागर, घोडा."

"आई, मघाशी मी दुसरे सांगितले ना?"

"ते असतीन. पन खरे हेच हायेत. तात्यानं रोज घेतलेत."

मी आणखी थोडा वेळ थांबले. नवे शब्द आले नाहीत. तीन शब्दांचे तीन गुण गेले. बेरीज केली, पुन्हा केली. ती रेषेच्या एका गुणाने खाली आली. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पास?"

"दादाला सांगते," मी म्हणाले.

हिंगोलीला आल्यावर दादाला आकडा सांगितला. विहारात काय चाललं होतं तेही सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"म्हणजे नवे शब्द तिच्यात थोडा वेळही टिकले नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"मग?"

"जुने टिकले. रोज बसून शिकली ती. ज्याचं डोकं गेलं तो असं शिकत नाही, दादा."

"त्याचा आकडा आहे तुझ्याकडे?"

नव्हता. दादा म्हणाला, "रविवारी जाऊ. मी मोठी पिशवी घेतो."

रविवारी आम्ही एसटीने औंढ्याला आणि तिथून काळीपिवळी जीपने गावात गेलो. दादाच्या मांडीवर रिकामी रेक्झिनची पिशवी होती. आईने भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा करून ठेवला होता. आणि दाराआड गाठोडं. साड्या घडी करून, चादरीत बांधून, गाठ मारलेली. तिने शब्द पाळला होता. आम्ही जेवायला बसलो. मी सवयीने भाकरीकडे पाहून वजनाचा अंदाज करत होते.

दादाला ते गाठोडं बघवेना. "आई, त्या दिवशी चुलीवर डाळ ठेवून कुठं गेली होतीस, ते तरी आठवतं का?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात रागापेक्षा काकुळती जास्त होती. नाही म्हणाली असती तर त्याचं त्यालाच सोपं गेलं असतं.

"आठवत न्हाई व्हय?" आई म्हणाली. "होळीच्या आदला दिवस. काकूच्या सुनेनं वरडून सांगितलं, विहीर उघडी पडली. म्हनलं, डाळीला एक उकळी फुटंस्तोवर बघून येते. आंगावर हिरवं लुगडं व्हतं, ते चिखलानं भरलं. खाली गेले तर विहीर न्हाई नुसती, आपल्या दाराची पायरीबी वर आली व्हती. आपला रांजण रोवला व्हता तो खड्डा. मी पायरीवर बसले."

"आणि डाळ?"

"डाळ ध्यानात व्हती की. बसल्या बसल्या मनात म्हनत व्हते, आता पानी आटलं आसंन, आता खाली लागली आसंन. वासबी आल्यावानी वाटला. पन पाय निघंना." ती भाकरी वाढायला वाकली. "एक डाळ गेली तर जाऊ दे म्हनलं. पायरी काय रोज येती?"

"मग हे सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुनी इचारलं? तू आलास ते इसरली, इसरली करत आलास. समदे तेच म्हनून राहिले. मी म्हनलं, आसंन."

दादाने ताट बाजूला सारलं. मग तो म्हणाला, "पायरी अजून दिसते?"

"चल, दावते."

आम्ही तिघं उतारावरून खाली गेलो. दुपार टळली होती. वाळलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या आणि त्यावरून चालताना पावलांचा आवाज होत नव्हता. पाणी फार मागे गेलेलं, कडेला एक मासे धरणारा होडी उलटी करून तिच्या सावलीत झोपलेला. आई पुढे, मधे दादा, मागे मी. आई बोट दाखवायच्या आधीच दादा एका जागी थांबला. पायाखाली एक लांबट दगड होता, मधोमध झिजलेला.

"हितं बसून आबा विडी ओढायचे," तो म्हणाला. आबा म्हणजे आमचे वडील. आणि मग उजवीकडे हात करून, "तिथं शेळी बांधायची. काळी."

"काळी अन् एक कान पांढरा," आई म्हणाली.

दादाने आजवर कधी जुन्या गावाचं नाव काढलं नव्हतं. तो पायरीवर बसला. आई त्याच्या शेजारी बसली. मला बसायला जागा नव्हती, म्हणून मी उभी राहिले. आणि पहिल्यांदाच मला त्या चिखलात चूल दिसली, भिंत दिसली, पांढऱ्या कानाची शेळी दिसली. ऊन खाली आलं तसं पाण्यावरून वारा सुटला. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही.

घरी आल्यावर दादाने स्वतः गाठोड्याची गाठ सोडली. "चुलीवर काही ठेवलं की बाहेर जाताना काकूला सांगून जायचं," तो म्हणाला.

"बरं. अन् काकूनं ठेवलं तर तिनं मला सांगून जावं," आई म्हणाली. शेजारून काकू ओरडली, "ऐकलं बरं का मी!"

आईने साड्या ट्रंकेत ठेवल्या. मग दादाची पिशवी ओढून घेतली आणि तिच्यात तुरीची डाळ, वाळवलेली अंबाडी, ठेच्याची बरणी भरत गेली, पिशवीचा बंद लागेना तोवर.

प्रबंध पुढे पूर्ण झाला. आहार आणि स्मरण यांचं नातं माझ्या आकड्यांत दिसलं, पण कशामुळे काय होतं हे त्यातून सांगता येत नाही, हेही मी शेवटच्या पानावर लिहिलं. आई बरीच वर्षं त्याच घरात राहिली. नंतर ती खरंच विसरायला लागली तेव्हा काकूने आम्हाला बोलावलं. पण त्या उन्हाळ्यात तसं काही नव्हतं.

त्या रविवारी परतीच्या एसटीत दादाने भरलेली पिशवी मांडीवर घेतली होती. बाहेर हळद काढून झालेल्या रानांवर अंधार उतरत होता. मला डुलकी लागली होती.

"तू तिला नवे शब्द कोणते दिले होतेस?" त्याने विचारलं.

"कुलूप," मी म्हणाले, "चिंच..." आणि थांबले. दादा वाट पाहत होता. गाडी नाक्यावर थांबली, माणसं उतरली, चढली, गाडी सुटली. तिसरा शब्द हिंगोली येईपर्यंत आठवला नाही.